न उपसलेला हौद

नर्मदाबाईचा हात मापापाशी कधी थांबला नाही. शेजारणीकडून वाटीभर बेसन उसनं आणलं, तर परत जाताना त्या वाटीवर शीग असते. पाहुण्याला भाकरी वाढताना ‘पुरे’ हा शब्द तिला ऐकूच येत नाही. हा स्वभाव बापाकडून आलेला. बाप मानवतला एका धान्याच्या दुकानात मापाला होता. पायली काठोकाठ भरली तरी वर ओंजळभर ज्वारी चढवून शीग झाल्याशिवाय तो ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत रिती करायचा नाही. शेठ डोळे वटारायचा, पण त्या शिगेपायीच गिऱ्हाइकं टिकून होती, त्यामुळं शेठही वटारण्यापलीकडं काही करायचा नाही.

आता असल्या स्वभावाची माणसं जगात असावीत, याबद्दल कुणाचं दुमत नसेल. फक्त त्यांच्या हाती पोहण्याच्या हौदाचं औषध देऊ नये. ते नर्मदाबाईच्या हाती कसं आलं, ते आधी सांगायला पाहिजे.

लग्न झालं आणि आश्रुबाच्या जोडीनं तिच्या हाती कोयता आला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवाळी झाली की टोळी निघायची ती उन्हाळा लागल्यावरच परतायची. अशी बरीच वर्षं गेली. एका हंगामात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना तिचा पाय सरकला आणि ती पाठीवर पडली. हंगाम अर्धाही झाला नव्हता. टोळी सोडून घरी जायची सोय नव्हती आणि उठून बसायचीही ताकद नव्हती. तेव्हा टोळीतली गीताबाई स्वतःच्या वाट्याची उसाची पात उरकून नर्मदाबाईच्या पातीला लागायची. दिवस मावळेस्तोवर दोघींचा ऊस एकटी तोडायची, आणि कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, आल्यावर नर्मदाबाईला काखेत धरून आडोशाला न्यायची. हंगाम संपेपर्यंत हे चाललं. पुढं गीताबाईनं त्याचा एका शब्दानं कधी उच्चार केला नाही. नर्मदाबाई मात्र देवापुढं दिवा लावताना देवाच्या आधी गीताबाईचं नाव घेते. देवाचा राग येत असेल तर त्यानं तो आजवर दाखवलेला नाही.

पाठ काही सरळ झाली नाही. पुढची काही वर्षं नर्मदाबाई वाकून चालली, वाकूनच भांडी घासली, आणि म्हातारपण लवकर आलं म्हणून गप्प बसली. मग मानवतहून स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला सुकेशनीताईनं दवाखाना काढला. सुकेशनी वालूरच्या मास्तरांची मुलगी. हाडं, सांधे आणि नसांच्या व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेली. दवाखान्यामागं तिनं एक हौद बांधला, छातीइतक्या पाण्याचा, कडेनं धरायला लोखंडी दांडा आणि वरून हिरवी जाळी. लोकांना वाटलं, मास्तरांच्या पोरीला पोहायची हौस आली. पण ताई त्या हौदात पोहायला कुणाला उतरवतच नव्हती. ज्यांना जमिनीवर चालता येत नाही त्यांना ती पाण्यात चालायला लावायची. पाणी अंगाचं ओझं उचलून धरतं, पाय मोकळा होतो, एवढं साधं ते गणित.

नर्मदाबाईला त्या पाण्यात उतरायची लाज वाटली होती. लुगडं नेसून पाण्यात बायकांनी चालायचं म्हणजे काय. ताईनं स्वतः पंजाबी ड्रेसवर पाण्यात उतरून हात पुढं केला. त्यानंतर एक पावसाळा गेला आणि नर्मदाबाई सरळ चालत गावात शिरली. आश्रुबा शेरडं घेऊन बांधावर बसला होता, त्यानं आधी ओळखलंच नाही. ‘कुठली पावनी हाय ही,’ असं त्याला वाटलं म्हणे. तो असं अजूनही सांगतो आणि नर्मदाबाई अजूनही त्याला त्यावरून बोलते.

बरी झाल्यावर ती घरी बसलीच नाही. ताईकडं कामाला लागली, हौदाची निगा तिच्याकडं आली. जाळीनं लिंबाची पानं काढायची, भिंती घासायच्या, पाणी फिरवायची मोटर चालू-बंद करायची आणि तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या टाकायच्या. किती टाकायच्या हे ताईनं सांगितलं होतं. नर्मदाबाईनं तेवढ्या टाकल्या आणि वर एक टाकली. ज्या पाण्यानं पाठ सरळ केली त्याला मोजून औषध द्यायचं हे तिच्या मनाला पटेना. दर वेळी ती एक जास्तीची टाकत गेली. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच तिला वाटलं नाही.

दुसरी गोष्ट अशी की त्या हौदातलं पाणी कधी बदललंच गेलं नाही. आपल्याकडं बोअरला उन्हाळ्यात करंगळीएवढी धार येते. ऊन जेवढं पाणी पिऊन टाकायचं तेवढं वरून भरायचं, बाकी तेच पाणी. तीन उन्हाळे ते तसंच चाललं. ताई अभिमानानं सांगायची की आपण एक घागरही वाया घालवत नाही, आणि ते खरंच होतं.

यंदा संक्रांतीनंतर गीताबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धी जीभ गेली. मोठ्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती बाजेवर पडून आढ्याकडं बघत राहायची. नर्मदाबाईला कळलं तशी ती गेली आणि सुनेला म्हणाली, “रिक्षा बलाव. मी नेते हिला.”

“कुठं न्यायलात मावशी? बसता येत न्हाई त्यांना.”

“चालायला न्यायले,” नर्मदाबाई म्हणाली.

पहिले काही दिवस गीताबाई पाण्यात नुसती लाकडासारखी उभी राहिली. एका बाजूनं ताई, दुसऱ्या बाजूनं नर्मदाबाई. मग एका सकाळी उजवं पाऊल तळापासून उचललं गेलं. फार नाही, वीतभरही नाही, पण उचललं गेलं आणि पुढं पडलं. नर्मदाबाईला रडू आलं आणि तिनं ते तोंडावर पाणी मारून लपवलं. ताई नंतर तिला बाजूला घेऊन म्हणाली, “मावशी, वारं गेल्यावर पहिले काही महिनेच खरे असतात. आता जेवढं परत मिळवू तेवढं मिळतं. खंड पडू द्यायचा नाही.”

आणि नेमकं तेव्हाच पाणी हिरवं व्हायला लागलं.

आधी कोपऱ्यात शेवाळाची कड धरली. मग पायऱ्या बुळबुळीत झाल्या. नर्मदाबाईनं गोळ्या वाढवल्या. पाणी आणखी हिरवं झालं. तिनं आणखी वाढवल्या. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी हौदाचा तळ दिसेना. ताईनं काठावर उभं राहून बराच वेळ बघितलं आणि हौद बंद केला. अशा पाण्यात आजारी माणूस उतरवणं म्हणजे एक दुखणं बरं करताना दुसरं लावणं. गीताबाईची रिक्षा फाटकातूनच परत गेली. गीताबाईला विचारता येतच नव्हतं. तिनं फक्त डावा हात हौदाकडं केला. नर्मदाबाईला तो हात पुढं कितीतरी दिवस दिसत राहिला.

परभणीला ओमप्रकाश नावाचा माणूस आहे, पाणी शुद्ध करायची यंत्रं आणि औषधं विकतो. ताईनं त्याला बोलावलं. त्यानं बाटलीत हौदाचं पाणी घेतलं, त्यात कसलंसं औषध मिसळलं, तर पाणी ताकासारखं पांढरं झालं. मग तळाला काळा ठिपका असलेली एक बारीक नळी काढली आणि ते पांढरं पाणी त्यात हळूहळू ओतायला लागला. नळी भरत आली की ठिपका दिसेनासा होतो. तो किती पाण्यानंतर दिसेनासा होतो त्यावरून हिशेब. इथं नळीत जेमतेम तळ झाकेल एवढं पाणी पडलं आणि ठिपका गायब.

“स्टॅबिलायझर लय वाढलंय,” तो म्हणाला. “तुमच्या गोळीत दोन चिजा असत्यात. एक क्लोरीन, ते जंतू मारतंय. दुसरं स्टॅबिलायझर, ते क्लोरीनला उन्हात उडू देत न्हाई. क्लोरीन बैल समजा आन् हे त्याचं दावं. एका दाव्यानं बैल पळत न्हाई, चांगलंच हाय. पण गोळी टाकली की क्लोरीन खर्चून जातं आन् दावं पाण्यात तसंच राहतं. पाणी उन्हानं आटतं, दावं आटत न्हाई. आता तुमच्या बैलाला इतकी दावी झालीत की त्याला पाय उचलता येईना. औताला काय चालंल?”

“मी तर मोजूनच सांगितल्यात गोळ्या,” ताई म्हणाली.

नर्मदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. “ताई, मी दर टायमाला एक जास्ती टाकायची,” ती म्हणाली. “पाण्याचे उपकार हायेत माझ्यावर. मोजून कसं द्यावं.”

ओमप्रकाशनं हसू दाबलं. ताईनं मात्र दाबलं नाही, ती मोकळी हसली आणि मग तिचे डोळे भरले. आपण बांधलेल्या हौदाला कुणी इतकं मानतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती एवढंच म्हणाली, “मावशी, चूक एकट्या तुमची नाही. पाणी न बदलल्याचा डंका तर मीच वाजवत होते.”

उपाय सोपा होता. अर्धंअधिक पाणी काढून टाकायचं आणि नवं भरायचं. पुस्तकात हाच लिहिलेला असतो. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या बोअरला एप्रिलमध्ये करंगळीची धार येत नसावी. दवाखान्यासमोरच्या वस्तीत बायका टँकरची वाट बघत बसलेल्या असताना त्यांच्या डोळ्यांदेखत हौद उपसायचा, हे ताईला होणं नव्हतं. आणि उपसला तरी भरणार कशानं? म्हणजे पाऊस येईपर्यंत हौद कोरडा, आणि गीताबाई बाजेवर.

“न उपसता काय करता येईल ते सांगा ओमप्रकाशभाऊ,” ताई म्हणाली.

त्यानं बोटांवर पर्याय मोजले. स्टॅबिलायझर खाणाऱ्या जिवाणूंची एक पावडर मिळते, ती कधी लागू पडते, कधी नाही, तिची खात्री तो देईना. पाणी गाळायचं मोठं यंत्र आणता येतं, पण तेही बरंच पाणी टाकून देतं. “एक तुरटी हाय,” तो म्हणाला. “पाण्याचा आंबटपणा आधी बेतात आणायचा, तुरटी विरघळून सगळीकडं सोडायची, मोटरनं जरा फिरवायची आन् मग सगळं बंद करून पाणी निवांत ठेवायचं. तुरटीचे ढग होत्यात, ते शेवाळ आन् थोडंफार स्टॅबिलायझर धरून तळाला बसत्यात. तेवढा तळच वढून बाहेर काढायचा. सगळं जाणार न्हाई, आधीच सांगतो. दोनदा करावं लागंल. पण गोळ्या आजपासून बंद. पुढं पातळ क्लोरीन वापरायचं, त्याच्यात दावं नसतंय.”

तुरटी म्हटल्यावर नर्मदाबाईच्या जिवात जीव आला. गढूळ घागरीत तुरटीचा खडा फिरवतच ती लहानाची मोठी झाली होती. दुसऱ्या दिवशी तुरटीची पोती आली. ओमप्रकाशनं तराजू टांगला आणि बजावलं की जास्त पडली तर पाणी आंबट होईल, कातडीला झोंबेल. नर्मदाबाईनं तुरटी तोलली, काटा मधोमध आला. पुढचा खडा तिच्या हातात होता. तो तिनं परत पोत्यात टाकला, आणि टाकताना तिचा चेहरा असा झाला की जणू कुणाच्या ताटातली भाकरीच काढून घेतली. तिच्या आयुष्यात एवढं अवघड काम तिनं त्याआधी केलं नसावं.

संध्याकाळी तुरटी सोडली. सकाळी बघितलं तर वरचं पाणी निवळलेलं आणि तळाला करड्या-हिरव्या गाळाची दुलई पसरलेली. आता तळावरून गाळ ओढून घेणारा ब्रश फिरवायचा आणि पाइपातून गाळ बाहेर, दवाखान्यामागच्या खड्ड्यात. काम सोपं दिसतं. ब्रश जरा जोरात सरकला की दुलई उठते आणि सगळं पाणी पुन्हा गढूळ होतं. नर्मदाबाईच्या डोळ्यांपुढं गीताबाईचा तो डावा हात. तिनं घाई केली. अर्धा तळही झाला नव्हता तोच हौद ढवळलेल्या पिठल्यासारखा झाला.

पुन्हा निवळायला दिवस गेला. नर्मदाबाई काठावर डोक्याला हात लावून बसली. आश्रुबा डबा घेऊन आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, खाल्ली आणि म्हणाला, “सकाळी मी वढतो.”

इथं आश्रुबाबद्दल सांगितलं पाहिजे. हा माणूस आयुष्यात कधी घाईनं चाललेला नाही. बस सुटत असली तरी तो चालतच जातो, आणि बस सुटते. कोयत्याला हात संथ, जेवणाला संथ, उत्तर द्यायला त्याहून संथ. लग्नाला निघालेली नर्मदाबाई त्याच्यापायी अक्षता पडल्यावर पोचलेली आहे, आणि एकदाच नव्हे. या संथपणाला तिनं आजवर दिलेली नावं इथं लिहिण्यासारखी नाहीत.

दुसऱ्या सकाळी पाणी गार असताना आश्रुबानं ब्रशाची काठी हातात घेतली. तो हौदाच्या कडेनं असा चालायला लागला की चालतोय की उभा आहे हे कळेना. गाळाच्या दुलईतून एक स्वच्छ पट्टा निघाला. मग त्याला लागून दुसरा. कुठं ढग उठला नाही. शेरडं जशी आपापली चरत पुढं सरकतात तसा तो सरकत राहिला. ऊन डोक्यावर यायच्या आत तळ निघाला. नर्मदाबाई बघत राहिली. इतक्या वर्षांत तिला नवऱ्याचं चालणं पहिल्यांदाच आवडलं. तिनं ते त्याला सांगितलं नाही, पण दुपारी त्याच्या भाकरीवर ठेचा आणि वर लोण्याचा गोळा होता.

ओमप्रकाश पुन्हा आला, नळी काढली. या वेळी ठिपका बराच वेळ टिकला आणि मग गेला. त्यानं मान हलवली, म्हणजे बरं पण पुरेसं नाही. तुरटीचा आणखी एक फेरा झाला, पुन्हा आश्रुबा. खड्ड्यात गेलं तेवढंच पाणी बोअरच्या धारेनं भरून काढलं. मग पातळ क्लोरीन सोडलं, तसं उरलेलं शेवाळ पांढुरकं होऊन मेलं आणि गाळणीत अडकलं. शेवटी त्यानं नळी उन्हाकडं धरली, काळा ठिपका बघितला आणि म्हणाला, “अजून तसं जास्तीच हाय ताई. पण बैलाला पाय उचलता येतोय. क्लोरीन वरचेवर तपासत राहा. पावसाचं पाणी पडलं की आणखी उतरंल.” ताईनं त्याचे आभार मानले. नर्मदाबाईनं त्याच्या गाडीच्या डिकीत घरच्या शेंगांची पिशवी ठेवली, आणि ती पिशवी शिगेनंच भरलेली होती. शेंगांचं काही बिघडत नाही.

तळ दिसू लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी गीताबाईची रिक्षा फाटकातून आत आली.

मध्ये खंड पडला होता. ताई रोज तिच्या घरी जाऊन बाजेवरच पायाला व्यायाम देत होती, तरी नर्मदाबाईला धास्ती होतीच. पाण्यात उतरल्यावर गीताबाई पहिल्यासारखीच उभी राहिली. पाऊल उचलेना. नर्मदाबाईनं तिचा लुळा हात आपल्या हातात घेतला आणि दोघी तशाच थांबल्या. मग पाण्याखाली, आता स्वच्छ दिसणाऱ्या तळावर, उजवं पाऊल सरकलं. सरकलं, उचललं गेलं, पुढं पडलं. नंतर डावं. नंतर परत उजवं. समोरच्या दांड्यापर्यंत त्या दोघी चालत गेल्या. नर्मदाबाईनं या वेळी तोंडावर पाणी मारलं नाही. रडू आलं तसं येऊ दिलं.

मिरगापर्यंत गीताबाईचा पाय बराच मोकळा झाला, आणि शब्दही एकेक करून परत आले. ज्या सकाळी ती दांडा न धरता पायऱ्या चढून कोरड्या फरशीवर उभी राहिली, त्या सकाळी नर्मदाबाईला इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकावंसं वाटलं. तिनं गीताबाईच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

“गीते, मी पडले व्हते त्या साली तू माझा ऊस तोडलास. हंगामभर तोडलास. मला ते फेडता येणार न्हाई.”

गीताबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. ती आठवायचा प्रयत्न करत होती हे दिसत होतं. तिच्या वाकड्या ओठांतून शब्द सावकाश बाहेर आले.

“मी? कव्हा तोडला?”

नर्मदाबाईनं ताईकडं बघितलं. ताईनं हळूच मान हलवली, आजारानं पुसलं असेल. पण नर्मदाबाई गीताबाईला पुरतं ओळखून होती. हिनं ते आजाराच्या आधीच, बहुधा त्याच हंगामात, कोयता खाली ठेवता ठेवता विसरून टाकलं असणार.

“तू इसरलीस म्हणूनच मला ध्यानात ठेवायचंय,” ती म्हणाली. “चल. रिक्षापोतूर चालत जाऊ.”

गीताबाईनं उजवं पाऊल पुढं टाकलं.